पगार ३१,५००, महिनाअखेर हातात काहीच नाही, आणि जूनची आत्तापासून धास्ती. कुठे चुकतंय?

अबोली_बदलापूर | ११ जानेवारी, रात्री ११:४०

नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच. घरातल्या पैशांचं चारचौघांत बोलायची आमच्याकडे पद्धत नाही त्यामुळे चार वेळा टाइप करून पुसलं, पण काल रात्री परत हिशेबाला बसले आणि डोळ्यांत पाणीच आलं, म्हणून शेवटी लिहितेय.

आम्ही पाच जण, बदलापूर पूर्वेला भाड्याच्या वन बीएचकेत राहतो. मी, मिस्टर, सासूबाई, मुलगी सहावीत आणि मुलगा तिसरीत. मिस्टर ठाण्याला खासगी कंपनीत आहेत, हातात ३१,५०० येतात. मी घरी फॉल-पिको आणि ब्लाउज अल्टर करते, त्याचे कधी २,००० तर कधी ३,००० सुटतात, लग्नसराईत जरा जास्त. खर्च असा की भाडं ८,०००, दोघांच्या शाळेची महिन्याची फी मिळून २,५००, लाइटबिल १,५०० च्या आसपास, गॅसचे ९०० धरा, किराणा साडेपाच हजार, दूध रोज दीड लिटर म्हणजे २,६००, भाजी-फळं ३,०००, मिस्टरांचा पास आणि रिक्षा १,६००, दोन मोबाइल आणि वायफाय मिळून हजार, सासूबाईंच्या बीपी-शुगरच्या गोळ्या १,२००, मिस्टरांच्या फोनचा हप्ता १,८५० (अजून चार राहिलेत), आणि क्रेडिट कार्डाचे २,१००. एवढ्यातच पगार संपून वर अडीचशे रुपये जातात. माझे जे येतात त्यातून अंडी, एखादा रविवार चिकन, डॉक्टर, कुणाचा वाढदिवस, सगळं भागवायचं.

मुख्य दुखणं कार्डाचं आहे. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये दोघांची टर्म फी, पुस्तकं-वह्या, युनिफॉर्म, बूट, रेनकोट सगळं एकदम आलं तेव्हा कार्ड पहिल्यांदा वापरलं. मग गणपतीला गावी जायचं होतं, मग घराचं अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट रिन्यू करायचं आलं, मग परत जून. आता ४२,००० थकलेत. दर महिन्याला बँक जो मिनिमम ड्यू (कमीत कमी भरायची रक्कम) सांगते तो वेळेवर भरतो, एकदाही चुकवला नाही, तरी आकडा जागचा हलत नाही.

हॉटेलात आम्ही वर्षातून दोनदा जातो, कपडे फक्त दिवाळीला, मी स्वतःसाठी गेल्या वर्षी एक साडी घेतली ती पण दीदीच्या लग्नातली. आता काय कमी करायचं तेच कळत नाही. दूध दीडवरून एक लिटर करावं आणि फळं बंद करावीत असं मनात येतंय पण मुलांकडे बघून हात धजत नाही. कुणी असं सगळं निभावून नेलं असेल तर प्लीज सांगा.

---

लोकलवाला | १२ जानेवारी, सकाळी ७:५५

ताई, मी रोज अंबरनाथ ते घाटकोपर करतो, पगार तुमच्यापेक्षा थोडाच जास्त आहे, त्यामुळे मला जेवढं ठाऊक आहे तेवढं सांगतो. साहेबांचा पास महिन्याचा असेल तर तीन महिन्यांचा काढायला सांगा, तीन वेळा मासिक काढण्यापेक्षा स्वस्त पडतो. मोबाइलचं पण तेच, २८ दिवसांचा रिचार्ज मारला की वर्षात १२ नाही १३ रिचार्ज होतात हे आपल्या लक्षातच येत नाही, त्यापेक्षा ८४ दिवसांवाला घ्या. आणि घरात वायफाय आहे तर तुमच्या फोनला रोजच्या दीड-दोन जीबीवाला प्लॅन कशाला पाहिजे, साधा कॉलिंगचा पुरेल.

दुसरं म्हणजे स्टेशनवरचे खर्च. मी गेल्या दिवाळीनंतर माझ्या यूपीआयचं महिन्याचं स्टेटमेंट काढून एक एक एंट्री वाचली. चहा १५, वडापाव २०, पाऊस होता म्हणून रिक्षा ४०, असं करत करत २,३०० रुपये निघाले, आणि बायकोने विचारलं असतं तर मी छातीठोकपणे सांगितलं असतं की माझा वरखर्च सातआठशे आहे. खोटं बोलत नव्हतो, मला खरंच तसंच वाटत होतं. नोट मोडताना जे कळतं ते स्कॅन करताना कळत नाही. आता मी यूपीआय दुसऱ्या खात्याला जोडलंय, पगाराच्या खात्याला नाही, आणि दर सोमवारी त्यात ३०० टाकतो. संपले की संपले. साहेबांना बोल लावायला म्हणून सांगत नाहीये, एकदा दोघांनी बसून स्टेटमेंट बघा एवढंच.

---

पिंपळपान | १२ जानेवारी, दुपारी ३:१०

अबोलीताई, मी ३१ वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची नऊ कर्ज विभागात. सगळ्यात आधी दुधाचं बोलतो, दूध कमी करू नका, फळं बंद करू नका. वाढत्या वयाची दोन मुलं आणि शुगरची एक पेशंट असलेल्या घरात दूध आणि भाजी ही कात्री लावायची जागा नाही. तुम्ही उधळ्या पण नाही. तुमचं गळतंय ते दुसरीकडून.

आधी कार्ड. स्टेटमेंटच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात व्याजाचा दर असतो तो बघा, बहुतेक कार्डांना महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. आता तुमचंच गणित मांडतो. ४२,००० वर साडेतीन टक्के म्हणजे १,४७० रुपये व्याज, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी म्हणजे २६५, एकूण १,७३५. तुम्ही भरता २,१००. म्हणजे मुद्दलात जमा झाले फक्त ३६५. आणि त्याच महिन्यात कार्डावर ४०० रुपयांचं काही घेतलंत तर आकडा उलटा वाढला. शिवाय आधीचं पूर्ण फेडलेलं नसलं की नवीन खरेदीला ती ४५-५० दिवसांची बिनव्याजी सवलत मिळत नाही, स्वाइप केल्या दिवसापासून व्याज लागतं. मिनिमम ड्यू वेळेवर भरल्याने लेट फी लागत नाही आणि सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, बिघडत नाही, पण कर्ज फिटत नाही. तुमची काही चूक नाही, तो आकडा तेवढ्यासाठीच तेवढा ठेवलेला असतो.

उपाय एकच, महाग कर्ज स्वस्त कर्जाने फेडायचं. घरात थोडं सोनं असेल तर बँकेत सोनेतारण कर्ज घ्या. वर्षाला नऊ-दहा टक्क्यांच्या आसपास मिळतं, बँकेप्रमाणे थोडं इकडेतिकडे. ४२,००० दहा टक्क्यांनी घेतले तर महिन्याचं व्याज ३५०. तुम्ही आत्ता भरता तेच २,१०० भरत राहिलात तर २२ महिन्यांत सगळं फिटतं. एक रुपया जास्तीचा काढावा लागत नाही. फक्त घेताना विचारा की मध्ये मध्ये मुद्दल भरता येतं का, आणि मुदत वर्षाचीच असेल तर नूतनीकरण कसं करतात. खासगी सावकार नको, फोनवर पाच मिनिटांत लोन देणारी अ‍ॅप तर अजिबातच नको.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते खरी गोष्ट हीच. तुम्ही महिन्याचा हिशेब चोख मांडलाय पण वर्षाचा कुठेच नाही. जून, गणपती, अ‍ॅग्रीमेंट, हे तुम्ही 'एकदम आलं' असं लिहिलंय. ताई, जून दर वर्षी येतो. अ‍ॅग्रीमेंट दर अकरा महिन्यांनी येतं, तारीख त्याच्यावरच छापलेली असते. यांना अचानक आलेले खर्च म्हणता येणार नाही, हे ठरलेले खर्च आहेत, फक्त महिन्याच्या वहीत त्यांना जागा नाही म्हणून ते कार्डावर जाऊन बसतात. भिंतीवरचं कालनिर्णय काढा आणि बारा महिन्यांत कुठे कुठे मोठा खर्च आहे ते त्या त्या पानावर पेन्सिलने लिहा. विमा, दिवाळी, आहेर, सगळं. बेरीज करा, बोनस मिळत असेल तो वजा करा, बाराने भागा. जो आकडा येईल तो तुमचा तेरावा खर्च, भाड्यासारखाच, पगार झाल्या दिवशी बाजूला काढायचा. मला बेरीज सांगा, पुढचं मग बोलू.

---

अबोली_बदलापूर | १३ जानेवारी, रात्री १०:२०

पिंपळपान काका, खूप खूप आभार. ते ३६५ वाचून मी आणि मिस्टर दोघंही गप्प बसलो. मी स्टेटमेंट काढून बघितलं, तसंच आहे.

कालनिर्णयवर लिहिलं सगळं, मुलीने पण मदत केली, तिलाच जास्त लक्षात होतं कुठे काय लागतं ते. जून १५,५००, अ‍ॅग्रीमेंटचे ४,५००, मिस्टरांच्या विम्याचा हप्ता सप्टेंबरात ६,४००, गणपतीला गावी जाऊन-येऊन ८,०००, दिवाळी ९,०००, लग्न-बारशी-मुंजीचे आहेर मिळून ४,०००. एकूण ४७,४००. बोनस १२,००० मिळतो. म्हणजे ३५,४००, भागिले बारा २,९५०. आणि वरचा खर्च तर आधीच पगाराच्या बाहेर. मग हे २,९५० आणायचे कुठून?

लोकलवाला दादा, स्टेटमेंट बघितलं. मिस्टरांचे १,४०० निघाले, आणि माझे पण ६०० निघाले जे मला आठवतच नव्हते.

सोन्याचं मात्र अवघड आहे. माझ्या आईने घातलेल्या दोन बांगड्या आहेत. मिस्टर म्हणतात घरातलं सोनं गहाण टाकायची वेळ आपल्यावर आलेली नाही, लोक काय म्हणतील, आणि सासूबाईंना कळलं तर त्या जेवणार नाहीत.

---

सुगरणकाकू | १४ जानेवारी, दुपारी १:३५

अबोली, सर्वात आधी तिळगूळ घे, आज संक्रांत आहे. गहाण टाकणं हा शब्दच डोक्यातून काढ गं. आमच्यावर ९८ साली वेळ आली होती, ह्यांची कंपनी बंद पडलेली, मी पाटल्या बँकेत ठेवल्या आणि महिनाभर फुल बाह्यांची ब्लाउजं घालून फिरले की कुणाला रिकामे हात दिसू नयेत. पुढे दीड वर्षांनी सोडवून आणल्या तेव्हा सासूबाईंनी स्वतः माझ्या हातात चढवल्या आणि म्हणाल्या, मला तेव्हाच कळलं होतं, तू सांगशील म्हणून वाट बघत होते. म्हणून सांगते, तुझ्या सासूबाईंपासून लपवू नकोस. ज्या बाईने संसार केलाय तिला हे सगळं आपल्याहून जास्त कळतं. कार्डाचं ४२ टक्के व्याज काय असतं ते एकदा समजावून सांग, त्याच म्हणतील ठेव म्हणून. आणि आईने बांगड्या घातल्या त्या अडीअडचणीला उपयोगी पडाव्यात म्हणूनच ना.

आता स्वयंपाकघराचं. किराणा पाच माणसांत साडेपाच हजार हा काही फार नाही, पण तू कुठून आणतेस ते बघ. मोठ्या मार्टात डाळ पाच रुपयांनी स्वस्त असते हे खरं, पण तिथून नुसती डाळ घेऊन बाहेर पडलेली बाई मी अजून पाहिली नाही, मी स्वतःसुद्धा नाही. मी यादी घरी करते, डबे उघडून, कशात किती उरलंय ते बघून, आणि महिन्याचं वाण्याकडून फोनवर मागवते. मध्ये काही संपलं तर पुढच्या महिन्यापर्यंत त्याच्याशिवाय चालवते. रवा संपला तर पोहे, पोहे संपले तर धिरडी.

आठवड्यातून दोन दिवस भाजी न घेता कडधान्य. मटकी, मूग, चवळी, कुळीथ. रात्री भिजत घातलेली वाटीभर मटकी सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधून ठेवली की दुसऱ्या दिवशी तिची तिपटीने उसळ होते, पाच जणांना पुरून उरते, आणि मुलांच्या पोटात डाळीएवढंच सत्त्व जातं. कोकणातली आहेस (गणपतीला गावी जातेस म्हणून धरून चालले) तर कुळथाचं पिठलं मी शिकवायला नको. भाजी आठवडी बाजारातून, अंधार पडायच्या सुमाराला, बाजार उठता उठता जा. पालेभाजीच्या तीन जुड्या दोनच्या भावात देतात, पण त्याच रात्री निवडून कागदात गुंडाळून ठेवायची तयारी हवी, नाहीतर फुकट जाते.

साठवणीचे गहू घ्या असं तुला बरेच जण सांगतील. मी स्वतः घेते, एप्रिल-मेमध्ये, लोकवन, ऊन दाखवून, कडुनिंबाचा वाळवलेला पाला घालून कोठीत. पोळी चांगली होते आणि किलोमागे चार-पाच रुपये सुटतात, दळण धरूनसुद्धा. पण पाच माणसांचे वर्षाचे गहू म्हणजे दीड क्विंटल, एकदम पाच-सहा हजार घालावे लागतात आणि वन बीएचकेत ठेवायचे कुठे. ह्या वर्षी घेऊ नकोस. कार्ड फिटेपर्यंत त्या पैशाला दुसरीकडे जास्त काम आहे. फार वाटलं तर शेजारणीबरोबर एक कट्टा अर्धा अर्धा घे.

आणि एक विचारते, फॉल-पिकोचे किती घेतेस?

---

अर्थार्थी | १४ जानेवारी, सायंकाळी ६:०५

सगळ्यांनी चांगलं सांगितलंय पण कुणीच गुंतवणुकीचं बोललं नाही. महिन्याला ५०० ची का होईना एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा ठरलेली रक्कम, आजच चालू करा. चक्रवाढीची ताकद लवकर सुरू करण्यातच आहे, मुलीच्या कॉलेजपर्यंत चांगली रक्कम उभी राहील. नंतर करू म्हटलं की ते नंतर कधीच येत नाही.

---

पिंपळपान | १४ जानेवारी, रात्री ९:१५

अर्थार्थी, तुमचा हेतू चांगला आहे आणि एरवी मी पण हेच सांगतो, पण या घराला आज नको. ४२ टक्क्यांचं कर्ज डोक्यावर असताना कार्डात जादा भरलेला प्रत्येक रुपया ४२ टक्के वाचवून देतो, खात्रीने. तेवढा परतावा खात्रीने देणारा एकही फंड नाही. आणि यांच्याकडे हाताशी एक महिन्याचा खर्चसुद्धा नाही, उद्या कुणाला ताप आला तर एसआयपी मोडूनच पैसे काढावे लागतील, ते पण बाजार खाली असताना. आधी कार्ड, मग हाताशी थोडे पैसे, मग एसआयपी. कार्ड उतरलं की मी स्वतः तुमच्या बाजूने बोलेन.

अबोलीताई, २,९५० कुठून, याचं उत्तर तुमच्या पहिल्या पोस्टमध्येच आहे. फोनचे चार हप्ते राहिलेत. पाचव्या महिन्यापासून १,८५० मोकळे होतात. नेमकं इथेच बहुतेक घरांत काय होतं तर हप्ता संपला की दोन महिन्यांत तो पैसा घरात विरघळून जातो, नाहीतर नवीन टीव्हीचा हप्ता चालू होतो. तसं होऊ देऊ नका, शेवटचा हप्ता गेला की पुढच्या महिन्यापासून त्याच तारखेला तेवढ्याच रकमेची बँकेत १२ महिन्यांची आरडी, म्हणजे दरमहा पैसे भरायची ठेव, चालू करा. कुणी पोस्टाची आरडी सांगेल, ती चांगलीच आहे, १०० रुपयांपासून होते, पण तिची मुदत पाच वर्षांची, पुढच्या जूनला तिचा उपयोग नाही. तुम्हाला वर्षाच्या आत हाताशी येणारा पैसा हवाय.

या जूनला मात्र पाचच महिने आहेत, तेवढ्यासाठी आरडी बसत नाही. सासूबाईंच्या किंवा तुमच्या नावाचं एखादं बचत खातं पडून असेल तर त्याचं एटीएम कार्ड कपाटात कुलपात ठेवा, यूपीआय जोडू नका, आणि पगाराच्या दिवशीच त्यात टाका. किती जमेल ते टाका. जूनला १५,५०० ऐवजी दहा जमले तरी कार्डावर पाचच जातील, पंधरा नाही.

---

निशिगंध_७८ | १५ जानेवारी, सकाळी ११:००

मी औषधांवर लिहिते कारण आमच्या घरात त्यातच सगळ्यात जास्त फरक पडला. माझ्या सासऱ्यांच्या बीपी, शुगर आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांचं बिल महिन्याला चौदाशे यायचं. जनऔषधी केंद्रात त्याच औषधांचं बिल साडेचारशे आलं, मी काउंटरवर दोनदा विचारलं की काही राहिलं तर नाही ना. पण आपल्या मनाने बदल करू नका. आधी डॉक्टरांकडे जा, त्यांना सांगा परवडत नाही, कंपनीचं नाव न लिहिता औषधाचं मूळ नाव आणि किती एमजी ते लिहून द्या. डॉक्टर रागावतील असं वाटत होतं, आमचे उलट म्हणाले आधीच का नाही सांगितलंत. बदलल्यावर पहिला महिना बीपी आणि शुगर नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासलं, वहीत लिहून ठेवलं. काही फरक नाही पडला. कधी कधी एखादी गोळी तिथे संपलेली असते म्हणून आठवडाभर आधी जायचं, एवढीच सवय लावून घ्यावी लागते.

लाइटबिल. महावितरणचं बिल उलटून बघ, १०० युनिटपर्यंत एक दर आणि १०१ ते ३०० ला त्याच्या दुपटीहून जास्त दर. पहिले १०० नेहमी स्वस्त दरानेच लागतात, त्यामुळे वाचतं ते वरच्या महाग युनिटांतलं. जुना पंखा ७५ वॅटचा असतो, हॉलमधला दिवसाला सोळा तास फिरतो म्हणजे सव्वा युनिट. नवीन बीएलडीसी पंखा तीसएक वॅट खातो. एका पंख्यामागे महिन्याला वीस युनिट कमी होतात, आणि ते सगळे महाग दराचे, म्हणजे सव्वादोनशे-अडीचशे रुपये. पंखा अडीच-तीन हजाराला येतो, वर्षभरात वसूल. एकच घे, जो सगळ्यात जास्त फिरतो त्याच्या जागी, आणि हप्त्यावर घेऊ नकोस. नो कॉस्ट म्हणतात पण प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी लागतोच.

आणि विम्याचं. केशरी रेशनकार्ड आहे का? असेल तर धान्य मिळत नसलं तरी ते सांभाळून ठेव, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये होतात. जवळचं कुठलं हॉस्पिटल योजनेत आहे ते आत्ताच शोधून दाराच्या मागे लिहून ठेव, धावपळीच्या वेळी सुचत नाही. बँकेत वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा आणि ४३६ रुपयांत २ लाखांचा जीवन विमा मिळतो, दोन्हीची वर्षं १ जूनला सुरू होतात आणि पैसे मे अखेरीला खात्यातून कापले जातात. मिस्टरांचा तरी काढाच. एका पगारावर पाच माणसं आहेत.

---

जास्वंदी | १५ जानेवारी, रात्री १०:५०

भिशीचं कुणी कसं नाही लिहिलं? आमच्या मजल्यावर बारा जणींची १,००० ची भिशी आहे, सहा वर्षं झाली. मी दर वर्षी आधीच सांगून मे महिना मागून घेते, १२,००० हातात येतात आणि शाळेची खरेदी त्यात होते. आरडी मला कधी जमली नाही, दोन वेळा मोडली, पण भिशीचे हजार रुपये मी एकदाही चुकवले नाहीत कारण बाकीच्या अकरा जणींना तोंड दाखवायचं असतं. व्याज मिळत नाही हे मान्य, पण मोडलेल्या आरडीपेक्षा बरं. फक्त एक, ओळखीच्या दारातलीच भिशी, जिचं घर आपल्याला माहीत आहे तीच बाई. मोठी लिलावाची भिशी, ओळखीच्या ओळखीतली, अजिबात नको. माझ्या बहिणीचे वीस हजार तशा भिशीत गेले, चालवणारीने रातोरात घर बदललं आणि कागद कुणाकडेच नव्हता.

---

अबोली_बदलापूर | १६ फेब्रुवारी, रात्री ११:१५

उशिरा लिहितेय, माफ करा, पण नुसतं थँक्यू लिहिण्यापेक्षा काहीतरी करून मग लिहावं असं वाटलं.

सासूबाईंना सांगितलं. काकूंनी म्हटलं तसंच झालं. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मग उठून आत गेल्या आणि स्वतःची चेन घेऊन आल्या, म्हणाल्या तुझ्या आईच्या बांगड्या राहू देत, ही ठेव. मी नाही घेतली, पण मिस्टरांचा विरोध त्यानंतर संपला. मी आणि मिस्टर दोघं राष्ट्रीयीकृत बँकेत गेलो, एकच बांगडी पुरली. तिथेच बसून कार्डाचे सगळे पैसे भरले, आणि घरी येऊन कार्ड कापलं. मिस्टरांनी मुलांसमोर कापलं. बँकेला बंद करायचा अर्ज पण केलाय, नुसतं कापून बंद होत नाही असं तिथल्या मॅडम म्हणाल्या, आणि बंद झाल्याचं लेखी घ्या म्हणाल्या. सोन्याच्या कर्जात मधेमधे मुद्दल भरता येतं, पहिले २,१०० भरले, त्यातले साधारण साडेसतराशे मुद्दलात गेले. पासबुकात तो आकडा कमी झालेला बघून किती बरं वाटलं सांगू.

गोळ्या बदलल्या, १,२०० चे ४३० झाले. डॉक्टरांनी स्वतः लिहून दिलं, शुगर दर आठवड्याला तपासतोय, ठीक आहे. माझा रिचार्ज बदलला. मिस्टरांनी यूपीआय वेगळ्या खात्याला जोडलं, आठवड्याला २०० ठरलेत, आणि नाश्त्याचा डबा पण नेतात. माझे ते ६०० होते त्यातले बरेचसे मुलांना घराखालच्या दुकानातून रोज काहीतरी आणून द्यायचे होते, आता रविवारी चिवडा-शंकरपाळे करून डबा भरते. दूध दीड लिटरच आहे.

काकू, तुम्ही विचारलं होतं तेव्हा लाजून उत्तर दिलं नाही. मी फॉल-पिकोचे ६० घेत होते, फॉल माझाच. स्टेशनजवळ ११० घेतात. मी १ तारखेपासून ९० केले, भीत भीत सांगितलं, दोनच बायकांनी कुरकुर केली आणि त्यातली एक परत आली. साडीमागे तीस रुपये वाढले, महिन्याला वीस-बावीस साड्या असतात.

तर जानेवारीच्या शेवटी १,४०० आणि आता फेब्रुवारीत २,२०० असे ३,६०० सासूबाईंच्या खात्यात टाकलेत, पासबुकावर मुलीने स्केचपेनने 'जून' असं लिहिलंय. ठरलेल्या २,९५० पर्यंत अजून पोचले नाही, मे संपल्यावर फोनचे १,८५० सुटले की पोचेन. पंखा ह्या महिन्यात नाही घेतला, पैसे होते पण मग जूनमध्ये हात घातला असता.

जास्वंदीताई, आमच्या बिल्डिंगमध्ये पण एक ५०० ची भिशी आहे, दहा जणींची, मार्चपासून नवीन सुरू होतेय, सगळ्या तळमजल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंतच्याच. मी त्यात जाऊ का? आणि पहिल्याच वर्षी मे महिना मागितला तर बरं दिसेल का?

---

जास्वंदी | १७ फेब्रुवारी, सकाळी ९:३०

माग की. अगदी पहिल्याच बैठकीत माग, चिठ्ठ्या पडायच्या आधी, आणि कारण सांग मुलांची शाळा म्हणून. ज्यांची मुलं मोठी झालीत त्या आनंदाने सोडतात, आमच्याकडे एका काकूंनी माझ्यासाठी सोडला होता. फक्त ते ५०० 'जून'च्या पैशांतलेच धर, वेगळे नको, नाहीतर ओढाताण होईल. आणि वहीत तारीख-सहीसकट लिहायला लाव, दहाच जणी असल्या तरी.